अकरा चेंडू

ऑटोनगरच्या मैदानावर चार दिवसांच्या सामन्याचा तिसरा दिवस.
फौंड्रीत रजेचा अर्ज टाकला. कारण : दात.
मुकादमानं दाताकडं नाही, काखेतल्या छत्रीकडं बघितलं
आणि सही केली.
नागोजीला येता आलं नाही.
दोघांना एकाच दिवशी दातदुखी चालली नसती.
पोरगा त्याचा. रेवण. काल संध्याकाळी
उजेड जाताजाता फलंदाजीला आला,
नाबाद शून्य.
'तू बघून ये,' नागोजी म्हणाला, 'मी ओततो तुझ्या वाटचं.'

पोचलो तर खेळपट्टी ताडपत्री पांघरून झोपलेली,
वर जुने टायर,
पत्रा उडू नये म्हणून ठेवतात तसे.
नोव्हेंबरचा पाऊस, कुठल्याच नक्षत्रात न बसणारा.
पडतोय म्हणावं तर थांबलेला,
थांबला म्हणावं तर चष्मा ओला.

सिमेंटच्या पायऱ्यांवर आम्ही सतराजण.
परत मोजलो तर अठरा, कुत्रं धरून.

शेजारी बसलिंगप्पा हुद्दार,
पहिल्या गाडीनं बैलहोंगलहून आलेले,
पोस्टातनं निवृत्त.
मांडीवर आखीव वही, कानावर पेन्सिल, डब्यात भाकरी.
'निल्लतैती,' म्हणाले आभाळाकडं बघून. थांबंल.
मग माझ्यासाठी मराठीत : 'थांबतंय बघा की.'
दोन्ही भाषांत पाऊस चालूच.

अकराला पंच आले, छत्र्या घेऊन.
बुटाच्या टोकानं गवत दाबलं,
वैद्यानं पोट दाबावं तसं,
आणि गेले.
साडेबाराला परत. दोन-दहाला परत.
तिसऱ्यांदा धाकट्यानं चिमूटभर माती उचलली.
मला हाक मारायची होती तेव्हा. एकोणीस वर्षं
मोल्डिंगची वाळू बघतोय मी :
मुठीत दाबायची, मोडायची,
कड धारदार तुटली तर करा चालू,
बोटाला चिकटली तर
जेवून घ्या.

आम्ही जेवून घेतलं. त्यांची शेंगाचटणी,
माझं वांगं.
समोर व्हरांड्यात रेवण,
सकाळपासून पॅड बांधून.
बसायचा, उठायचा, ग्लोव्हज काढायचा, घालायचा,
एकदा नुसताच बॅटीच्या मुठीवर हनुवटी टेकून
रिकाम्या मैदानाकडं बघत राहिला.
थेट बापासारखा. भट्टी तापेपर्यंत नागोजी
फावड्यावर असाच टेकतो.

चार-दहाला ऊन. खरंखुरं.
भुसा टाकला, ताडपत्री ओढली,
ओढणाऱ्यांच्या मागं पाण्याची शेपटी लांबच लांब.
टाळ्या पडल्या, सतराजणांच्या.

पहिला सोडला.
दुसरा कडेला चाटून गेला असं गोलंदाजाला वाटलं,
पंचाला नाही, मला विचारू नका.
तिसरा मांडीवर. आवाज पायऱ्यांपर्यंत आला.
चौथा पायाशी थोपवला हळूच,
निजलेलं पोर खाली ठेवावं तसा.
पाचवा तसाच.
सहावा मारला! उभा राहिलो मी,
डबा गडगडत तीन पायऱ्या खाली,
आणि चेंडू सरळ कव्हरच्या हातात.

पलीकडचा पाच चेंडू खेळला. तेवढ्यात ऊन गेलं,
पंचांनी आभाळ बघितलं, घड्याळ बघितलं,
बेल्स उचलल्या.
दिवस संपला.

बसलिंगप्पांची वही बघितली. सगळं कन्नडात.
नावं मला वाचता येईनात, आकडे अडखळत.
रेवणच्या ओळीवर बोट ठेवलं त्यांनी :
सहा ठिपके, पुढं शून्य.
शून्य वाचता आलं.
तेवढं एक त्यांचं नि आमचं सारखंच गोल.
'उद्या येणार काय?' त्यांनी विचारलं.
'उद्या दात बरा झालेला असतोय,' म्हटलं.
हसले नाहीत. पेन्सिलीला टोक काढत बसले,
उद्यासाठी.

सातला उद्यमबागेत शिफ्ट सुटली.
नागोजी गेटवर, भुवयांपर्यंत काजळी,
विचारत नव्हता काही,
सायकलचं कुलूप उघडत होता, बंद करत होता.
'आहे अजून,' मी म्हटलं.
'किती?'
'आहे की अजून.'
त्यानं मान हलवली, आणि आभाळाकडं बघितलं,
बराच वेळ,
मुठीत वाळू दाबून बघावी तसं.